पेन ड्राइव्हमधली फाइल आणि माझे तीन प्रश्न

गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरातली गोष्ट. लोणावळ्यात आमचं झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं छोटं दुकान आहे. संध्याकाळी शटर ओढायच्या बेतात असताना मावळातल्या एका गावचे मुतवल्ली चाचा आले. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पेन ड्राइव्ह त्यांनी काउंटरवर ठेवला.

"बेटी, यात सगळं आहे. मशिदीची जागा, कब्रस्तानची जागा, गट नंबर, चतुःसीमा. वीस वर्षांपूर्वीच टाइप करून ठेवलंय. आता फक्त पोर्टलवर चढवायचं."

पोर्टल म्हणजे केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयाचं 'उमीद'. ते ६ जून २०२५ रोजी सुरू झालं आणि वक्फ मालमत्तांची माहिती भरायला सहा महिन्यांची मुदत होती. म्हणजे हातात जेमतेम तीन आठवडे.

फाइल उघडली. उघडली खरी, पण वाचता येईना. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं आणि चिन्हांचा सडा. आकडे तेवढे ओळखू येत होते. चाचा माझ्या खांद्यावरून बघत होते. म्हणाले, "व्हायरस लागला का?"

व्हायरस नव्हता. फाइल धडधाकट होती. ती वाचायची किल्ली तेवढी हरवली होती.

दुकानात रोज कुणीतरी विचारतं, "आपा, कोणता मोबाईल घेऊ?", "कोणतं अॅप चांगलं?", "जुना कॉम्प्युटर विकून टाकू का?" मी काही इंजिनिअर नाही. पण पंधरा वर्षं लोकांचे कागद, फोन आणि पासवर्ड हाताळून माझी काही मतं तयार झाली आहेत. त्या पेन ड्राइव्हने ती पक्की केली, म्हणून इथे मांडते आहे.

ती फाइल वाचता का आली नाही?

आधी हे समजून घेऊ, कारण अशा फाइली अजून कितीतरी घरांत, शाळांत आणि संस्थांत पडून आहेत.

कॉम्प्युटरला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. पूर्वी हे क्रमांक इंग्रजी अक्षरांपुरतेच सर्वत्र सारखे होते. मराठीसाठी मग एक युक्ती काढली गेली. आत क्रमांक इंग्रजी अक्षराचाच ठेवायचा, पण फॉन्टमध्ये त्या जागी चित्र मराठी अक्षराचं काढायचं. म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी ते इंग्रजीच, आपल्या डोळ्यांना मात्र मराठी दिसायचं. प्रत्येक कंपनीने ही मांडणी आपापल्या पद्धतीने केली. या मार्गाने मोठं काम झालं, हेही मान्य केलं पाहिजे. पुण्यात तयार झालेल्या श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरवर महाराष्ट्रात कितीतरी पुस्तकं आणि लग्नपत्रिका छापल्या गेल्या. त्या काळी दुसरी सोयच नव्हती.

अडचण एवढीच की तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल नेली, की पडदा गळून पडतो आणि आतली इंग्रजी अक्षरं उघडी पडतात.

युनिकोडने हा घोळ संपवला. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तेव्हापासून देवनागरीला स्वतःचे क्रमांक आहेत. 'क' म्हणजे ०९१५, मग तो फोनवर असो, कॉम्प्युटरवर असो, लोणावळ्यात असो की लंडनमध्ये. फॉन्ट बदलला तर अक्षराचं वळण बदलेल, अक्षर बदलणार नाही. आज आपण मोबाईलवर जे मराठी लिहितो ते युनिकोडच असतं. म्हणूनच ते गुगलवर शोधताही येतं.

चाचांच्या फाइलचा फॉन्ट कोणता ते शोधण्यात एक दिवस गेला. मग कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमध्ये आणला. बराचसा आला, पण रफार आणि जोडाक्षरं घसरली. 'पूर्वेस'चं 'पूवेर्स' झालं. असली चूक पत्रात चालून जाते, कब्रस्तानच्या हद्दीत चालत नाही. म्हणून चाचांच्या घरातली लोखंडी पेटी दुकानात आणली. सातबारा, फेरफार, जुन्या नोंदी असं सगळं बाहेर काढलं. मी आणि माझी मुलगी दोन रात्री ओळ न् ओळ ताडून बघत बसलो. तेव्हा कळलं की एका गट नंबरातले दोन आकडे मूळ टाइप करतानाच उलटसुलट झाले होते. वीस वर्षं ती चूक 'सगळं टाइप केलंय' या भरवशाखाली झाकली गेली होती.

दुसरी अडचण ई-मेलची. संस्थेचा ई-मेल गावातल्या एका मुलाने स्वतःच्या नंबरवर काढला होता. तो आता आखातात नोकरीला. त्याचं जुनं सिम बंद, त्यामुळे कोड यायचा तो कुठेच येईना. पोरगा बिचारा तिकडून फोनवर माफी मागत होता. चूक त्याची नव्हती. संस्थेची चावी एका माणसाच्या खिशात ठेवली, ही सगळ्यांचीच चूक.

माहिती मुदतीच्या चार दिवस आधी भरली गेली. पण ते तीन आठवडे मी विसरणार नाही.

माझे तीन प्रश्न

तेव्हापासून कुणी कोणत्याही वस्तूबद्दल वा अॅपबद्दल विचारलं, तर मी आधी तीन प्रश्न विचारते.

पहिला : हे किती वर्षं चालेल?

दुसरा : हे माझ्याकडून काय काय मागतंय, आणि ते मागण्याची त्याला खरंच गरज आहे का?

तिसरा : उद्या हे सोडायचं ठरवलं, तर माझं सामान मला बाहेर नेता येईल का?

कॅमेरा किती मेगापिक्सेल, रंग कोणता, हे नंतर.

फोन : किंमत भागिले वर्षं

फोन बिघडण्याआधी त्याचे अपडेट थांबतात. सुरक्षेचे अपडेट थांबले, की बँकेचं आणि यूपीआयचं अॅप अशा फोनवर चालवणं म्हणजे कडी न लावता घर सोडून जाणं. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न हाच करायचा : "या मॉडेलला सुरक्षेचे अपडेट कोणत्या वर्षापर्यंत?" गुगलने ऑक्टोबर २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांचं वचन दिलं. ते फोन महाग, आपल्या सगळ्यांच्या आवाक्यातले नाहीत. पण गॅलेक्सी ए१६ ५जी सारख्या मधल्या किमतीच्या फोनलाही सहा वर्षांचं वचन मिळालं. उलट काही स्वस्त फोन दोन-तीन वर्षांतच वाऱ्यावर सोडले जातात. समजा एक फोन १० हजारांचा आणि दोन वर्षं चालणारा, दुसरा १८ हजारांचा आणि सहा वर्षं चालणारा. पहिला वर्षाला ५ हजारांना पडतो, दुसरा ३ हजारांना. स्वस्त कोणता, ते तुम्हीच ठरवा.

जुना फोन घ्यायला माझी हरकत नाही, उलट मी स्वतः जुनाच वापरते. पण लोकलमध्ये किंवा पावसाळ्यात भुशी धरणाच्या गर्दीत चोरीला गेलेला फोन आपल्या गळ्यात पडू नये, याची खात्री करून घ्यावी. फोनवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की १५ आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर तो टाकला, की फोन चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का ते कळतं. फोन हरवला तर तिथेच तो बंदही करता येतो. एका मिनिटाचं काम आहे, पण पैसे देण्याआधी करायचं.

आणि नेटवर्कचं म्हणाल, तर जाहिरात बघू नका, शेजाऱ्याला विचारा. लोणावळ्यात, कामशेतला जे सिम उत्तम चालतं ते पवन मावळात किंवा आंदर मावळात डोंगराआड गेल्यावर मुकं होतं. ज्या गावात रेंजच मिळत नाही, तिथे ५जीचे पैसे मोजून काय करायचं?

कॉम्प्युटर : भंगारात देण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. घरगुती ग्राहकांना सुरक्षेच्या अपडेटसाठी वर्षभराची वाढीव सोय मिळाली, तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा सोय आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगले चालणारे कितीतरी कॉम्प्युटर एका दिवसात 'जुने' ठरले.

आमच्या दुकानात तीन कॉम्प्युटर आहेत. त्यातल्या दोन जुन्यांवर मी लिनक्स मिंट घातलं. ते फुकट आहे, पण मला ते आवडतं ते फुकट आहे म्हणून नाही. ते जुन्या मशीनवर हलकं चालतं आणि पहिल्या प्रश्नाला त्याचं उत्तर चांगलं आहे. कागदपत्रांसाठी त्यावर लिबरऑफिस आहे. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीपासूनच असतो, निवडला की झालं. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. पंधरा दिवस बोटं रडतात, मग सुटतात. आणि ही मांडणी सगळ्या भारतीय लिप्यांना सारखीच, म्हणजे एकदा शिकलेलं वाया जात नाही.

पण खोटं का सांगू? तिसऱ्या कॉम्प्युटरवर मला विंडोज ११ ठेवावंच लागलं. डिजिटल सहीचा टोकन, एक जुना स्कॅनर आणि काही सरकारी कामांची सॉफ्टवेअरं लिनक्सवर नीट चालेनात. माझा नवरा म्हणतो, "मग तुझं तत्त्व गेलं कुठे?" माझं तत्त्व कंपनीशी भांडण्याचं नाहीच. काम अडू नये आणि माझी फाइल कुठल्याही एका दुकानाची बांधील राहू नये, एवढंच. घरी फक्त मुलांचा अभ्यास, पत्रं आणि यूट्यूब असेल, तर जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी एकदा लिनक्स लावून बघा. ते पेन ड्राइव्हवरून, आधीचं काही न पुसता, चालवून पाहता येतं.

नमाजच्या वेळेचं अॅप : त्याला माझा पत्ता कशाला?

दुसऱ्या प्रश्नासाठी याहून चांगलं उदाहरण नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या 'मदरबोर्ड' या वृत्तस्थळाने एक बातमी दिली. नमाजच्या वेळा दाखवणाऱ्या 'मुस्लिम प्रो' या जगभर वापरल्या जाणाऱ्या अॅपमधून लोकांच्या ठिकाणांची माहिती 'एक्स-मोड' या कंपनीकडे जात होती. ती कंपनी अशी माहिती कंत्राटदारांना विकायची आणि त्यांच्यामार्फत ती अमेरिकी लष्करापर्यंत पोचायची. बातमीनंतर अॅपच्या कंपनीने एक्स-मोडशी संबंध तोडत असल्याचं जाहीर केलं. पुढे जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एक्स-मोडवर संवेदनशील ठिकाणांची माहिती विकायला बंदी घातली. प्रार्थनास्थळं, दवाखाने अशा जागा त्यात येतात.

आता हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. हिशेब समजावा म्हणून सांगते. नमाजची वेळ सूर्यावर ठरते. त्यासाठी तारीख आणि आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश एवढंच लागतं. रेखांश एक अंशाने बदलला की वेळ चार मिनिटांनी सरकते. लोणावळा आणि पुणे यांच्या रेखांशात अर्ध्या अंशाहूनही कमी फरक आहे. म्हणजे इथला आणि पुण्याचा माध्यान्ह दोन मिनिटांच्या आत येतो. मग आपण भांगरवाडीत उभे आहोत की खंडाळ्यात, बाजारात आहोत की दवाखान्यात, हे अॅपला मिनिटामिनिटाला कळण्याची काय गरज?

म्हणून मी सगळ्यांच्या फोनवर एवढंच करून देते. लोकेशनची परवानगी बंद करायची आणि सेटिंगमध्ये जाऊन शहर हाताने निवडायचं. लोणावळा सापडलं नाही तर पुणे घालून एक-दोन मिनिटं सावध राहायचं. असरच्या वेळेत मोठा फरक दिसला तर फोन बिघडलेला नसतो. शाफई पद्धतीत सावली वस्तूच्या एकपट धरतात, हनफीत दुप्पट. अॅपमध्ये तो पर्याय बघून घ्यावा, कारण कोकणातून आलेली घरं आणि घाटावरची घरं आपल्याकडे शेजारी शेजारी राहतात. किब्ल्यासाठीही रोज होकायंत्र लागत नाही. लोणावळ्याहून तो पश्चिमेपासून साधारण १० अंश उत्तरेकडे झुकलेला आहे. एकदा घरात भिंत ठरली की ठरली. उलट लोखंडी कपाटाजवळ फोनचं होकायंत्रच चुकतं.

आणि जमातची वेळ? ती अॅपला नसतेच माहीत. ती आपल्या मशिदीच्या फळ्यावर असते.

हाच नियम बाकीच्या अॅपना लावा. टॉर्चच्या अॅपला कॉन्टॅक्ट कशाला? वॉलपेपरच्या अॅपला मायक्रोफोन कशाला? प्ले स्टोअरवर प्रत्येक अॅपच्या पानावर 'डेटा सेफ्टी' हा भाग असतो. कंपनीने स्वतः लिहिलेला असतो, तरी वाचावा.

व्हॉट्सअॅप : सोडता येत नाही, मग वापरायचं कसं?

मला विचाराल तर माहिती कमी मागणारी दुसरी मेसेंजर अॅपं आहेत. सिग्नल माझ्या फोनवर आहे. पण त्यावर माझी एक बहीण आणि तिचा मुलगा, एवढीच माणसं. शाळा, मोहल्ला, मयतीची खबर, लग्नाची दावत, सगळं व्हॉट्सअॅपवर. जिथे आपली माणसं असतात तिथेच जावं लागतं. म्हणून मी ते सोडा म्हणत नाही, काही पथ्यं पाळा म्हणते.

पहिलं पथ्य : व्हॉट्सअॅप म्हणजे कपाट नव्हे. नकाशा किंवा सातबारा फोटो म्हणून पाठवला की अॅप त्याचा आकार कमी करतं आणि बारीक आकडे पुसट होतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. आणि आलेला कागद लगेच बाहेर काढून ठेवा.

दुसरं : सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा. सहा आकडी कोड मागणारा फोन आला, तर तो आपल्या मामाच्या आवाजात का असेना, कोड द्यायचा नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

तिसरं पथ्य सगळ्यात जड. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारलं. भिक्षा मागत फिरणारी गरीब माणसं होती ती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. कंपनीने आपल्या परीने बटण आवळलं, पण अंगठा आपलाच असतो. दुहेरी बाण असलेला मेसेज आला, की मी तो वाचते आणि तिथेच थांबवते. मोहल्ल्याच्या ग्रुपमध्ये आम्ही एवढाच नियम केला आहे : स्वतःला माहीत असलेलंच लिहायचं. ग्रुप शांत झाला, पण कामाचं सगळं कळतं.

चाचांच्या पेटीत आता काय आहे?

तिसरा प्रश्न होता सामान बाहेर नेण्याचा. त्याचं उत्तर आम्ही चाचांच्या कागदांवरच करून पाहिलं.

सगळा मजकूर युनिकोडमध्ये आहे. एक प्रत पीडीएफमध्ये, म्हणजे दिसायला कुठेही सारखी. दुसरी ओडीटीमध्ये, म्हणजे दुरुस्ती करता येईल अशी. ओडीटीची रचना जगाला खुली आहे, उद्या लिबरऑफिस नसलं तरी दुसरं कुणी ती उघडू शकतं. मूळ कागदांचे स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये. दोन पेन ड्राइव्ह, एक चाचांकडे आणि एक खजिनदाराकडे, कारण पेन ड्राइव्हही कधीतरी मरतो. संस्थेच्या नावे एक साधा बटणांचा फोन घेतला. ई-मेल त्या नंबरवर, आणि पासवर्ड बंद पाकिटात, दोघांच्या सहीने. आणि मूळ कागद त्याच लोखंडी पेटीत, कारण आकडे चुकले होते तेव्हा खरं बोलला तो कागदच.

खर्च झाला तो दोन पेन ड्राइव्ह आणि एका साध्या फोनचा.

मागच्या आठवड्यात चाचा पुन्हा आले. या वेळी नातवाला घेऊन. नातवाला नवा फोन घ्यायचा होता, कॅमेरा मोठा असलेला. मी काही बोलायच्या आत चाचाच त्याला म्हणाले, "आधी विचार, किती वर्षं चालेल? काय काय मागतो? आणि सोडताना आपलं सामान आपल्याला देतो का?"

पोरगा माझ्याकडे बघून हसला. मी काउंटरवरचा कागद पुढे केला आणि म्हटलं, "लिहून घे."